सायलेन्सरमधला अक्षतेचा दाणा

नाना, गेल्या गुरुवारी कॅप्टनने मला क्लबवर बोलावून घेतलं. तुमच्या लॉकरमधलं सामान काकूंकडे खडकीला पाठवायचं होतं, आणि कुवेतमध्ये तुमच्या घरचं म्हणावं असं मीच एक माणूस त्याला ठाऊक होतं. सामान ते काय! दोन गंजीफ्रॉक, चष्म्याचं जुनं घर, गुडघ्याला चोळायचं तेल, हळदकुंकवाची कोयरी, आणि मी तुम्हाला वाढदिवसाला दिलेले कानांवरचे मफ. त्या मफांच्या वरचं प्लास्टिकसुद्धा तुम्ही काढलं नव्हतं. तोवर माझे डोळे सारखे भरून येत होते. ते प्लास्टिक बघितलं आणि असा संताप आला की रडू जागच्या जागी थांबलं.

तेव्हा सुरुवात रागानेच करते. तुम्हाला त्याची सवय आहे.

आवाज मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात कुठल्या पंपाजवळ माणसाने किती वेळ उभं राहायचं, कानात काय घालायचं, कुणाचा कान उतरला म्हणून त्याला दुसऱ्या कामावर पाठवायचं, हे ठरवणारी मी. आणि तुम्ही लष्कराच्या शस्त्रदुरुस्तीत उमेदीची वर्षं घालवून इथे नेमबाजीच्या क्लबवर बंदुका सांभाळायला आलेले. कानांवर काही घालणं म्हणजे तुम्हाला डोळ्यांवर पट्टी बांधून सुईत दोरा ओवण्यासारखं वाटायचं. "ओ इंजिनियरबाई, बंदूक बोलते. ती काय म्हणते ते मी ऐकायचं का नाही?" हे तुमचं ठरलेलं वाक्य. त्यावर मी माझं ठरलेलं व्याख्यान द्यायची आणि तुम्ही चहा मागवायचात.

आपली ओळख माझ्या मुलीमुळे, रेवामुळे झाली. तेरा वर्षांची होती. शाळेच्या मैत्रिणींबरोबर एकदा क्लबवर गेली आणि पॉइंट टू टू रायफलच्या प्रेमात पडली. पण घोडा दाबायच्या आधी डोळे गच्च मिटायची आणि खांदा उडवायची. गोळी भलतीकडेच. तिचा शिक्षक वैतागला होता, मी ओशाळून पाठीमागे बसले होते. तुम्ही हातातलं फडकं खांद्यावर टाकून आलात, तिच्याकडे पाच गोळ्यांपुरतं बघितलंत आणि मला म्हणालात, "पोरगी बंदुकीला घाबरत नाही. आवाजाला घाबरते. दोन्ही वेगळं असतं." रेवा गाल फुगवून म्हणाली, "इट्स जस्ट टू लाउड, ओके?" तुम्ही मान डोलावलीत, जणू तिने शुद्ध मराठीत तुमच्याच मताला पाठिंबा दिला होता.

मग तुम्ही क्लब चालवणाऱ्या कॅप्टनच्या मागे लागलात. नवशिक्यांच्या चार रायफलींना सायलेन्सर हवेत. इथे ती वस्तू बाजारातून उचलून आणता येत नाही. क्लबच्या नावाने अर्ज, परवानगी, शिक्के, नोंदवही, आणि काम झालं की शस्त्रागारात कुलूपबंद. महिनोन्‌महिने तो कागदांचा मुआमला या खिडकीतून त्या खिडकीत फिरत राहिला, आणि तुम्ही दर आठवड्याला कॅप्टनला आठवण देत राहिलात. अखेर एजंटाने नमुन्याचे तीन सायलेन्सर कॅप्टनच्या टेबलावर मांडले. त्या दिवशी मीही तिथे होते. आवाज मोजायचं माझं यंत्र घेऊन मुद्दाम आले होते, कारण तुमची निवड आकड्यांनी खोडून काढायची मला फार हौस होती.

कॅप्टनच्या मनात सगळ्यात छोटा भरला होता. काळा, गुळगुळीत, खिशात मावेल असा. "नाना, ये छोटावाला ज़ैन, एकदम अच्छा. हलका भी है," तो म्हणाला. माझ्या यंत्राने मधल्याला पसंती दिली, कारण त्याचा आवाज सर्वांत कमी होता. तुम्ही तिसरा उचललात. तो जरा लांबट, दिसायला बोजड. तुम्ही त्याचं झाकण फिरवलंत आणि आतल्या पोलादी वाट्या एकेक करून फडक्यावर मांडल्या. चार माणसांचा डबा उघडल्यासारखं दिसत होतं ते. बाकीचे दोन कायमचे बंद होते. तुम्ही कॅप्टनला तुमच्या हिंदीत समजावलंत, की ही पॉइंट टू टूची गोळी उघड्या शिशाची, हिच्यावर तांब्याचं कवच नाही, दारूही धुरकट. मोठ्या बंदुकीपेक्षा ही पोरटीच जास्त घाण करते. ते शिसं आणि ती काजळी सगळी सायलेन्सरच्या पोटात बसणार. जो उघडतच नाही तो साफ कसा करायचा? मग मला मराठीत म्हणालात, "तुमच्या यंत्राचा आकडा आजचा आहे बाई. मी सहा महिन्यांनंतरचं बघतोय." मी यंत्र पिशवीत ठेवलं. तेवढी एक लढाई मी मान्य करून हरले, हे आज लिहून देते.

रेवाच्या रायफलला तो बोजड सायलेन्सर लागला. सिनेमात दाखवतात तसा आवाज काही नाहीसा होत नाही. कुणी जाड पुस्तक टेबलावर आपटावं एवढा उरतोच, म्हणून मफ लावायचेच, ही माझी अट. तीही तिने पाळली. पण तिचे डोळे उघडे राहिले, खांदा जागेवर राहिला, आणि दहातल्या सात गोळ्या लक्ष्याच्या काळ्या वर्तुळात गेल्या. ती उठून उड्या मारायला लागली, तर तुम्ही ओरडलात, आधी रायफल खाली, मग नाच.

गुरुवार हा साफसफाईचा दिवस. माझी ड्युटी संपवून मी यायची तेव्हा तुम्ही हातमोजे चढवून बसलेले असायचात. शिशाशी खेळायचं तर हातमोजे हवेत, त्या टेबलाजवळ खाणंपिणं नाही, काम झालं की कोपरापर्यंत हात धुवायचे, यात तुमची शिस्त माझ्याहून कडक होती. मी एकदा बिस्किटाचा पुडा घेऊन आत आले, तर तुम्ही मला पुड्यासकट बाहेर काढलंत. वाट्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडायच्या, त्याच क्रमाने परत बसवायच्या. ब्रशने जेवढं निघेल तेवढं काढायचं, चकाचक करायच्या नादाला लागायचं नाही. सायलेन्सर नळीवर हाताने पक्का बसलाय का, हे दर थोड्या गोळ्यांनी बघायचं, कारण तो आपोआप सैल होतो. हे सगळं मी तुमच्याकडून शिकले.

भांडण एकाच गोष्टीवरून. साफ करायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? मी अल राई भागातल्या एका दुकानातून छोटा वजनकाटा आणून दिला होता. नवा असताना सायलेन्सरचं वजन लिहून ठेवा, जेवढं वाढलं तेवढं शिसं आत बसलं, इतका सरळ हिशेब. तुम्ही त्या काट्याकडे सासूने सुनेच्या माहेरच्या पाहुण्याकडे बघावं तसे बघायचात. "काट्याला कान असतात का? भरला की आवाज बसतो. मला इथनं कळतं." असं म्हणून कानाच्या पाळीला हात लावायचात. आणि खरंच कळायचं, नाना. तुम्ही "भरला" म्हणालात की मी हट्टाने वजन करायची आणि काटा तुमचीच बाजू घ्यायचा. तुमची ती मिशीतली हसू दाबायची सवय मला अगदी डोक्यात जायची.

मग ती खंडेनवमी आली.

दरवर्षी त्या दिवशी तुम्ही शस्त्रागारातलं सगळं झाडूनपुसून मांडायचात, हळदकुंकू वाहायचात, अक्षता टाकायचात, आणि त्या दिवशी एकाही बंदुकीला हात लावू द्यायचा नाहीत. पहिल्या वर्षी कॅप्टन दारात येऊन थबकला होता म्हणे. "ये क्या है, नाना?" तुम्ही म्हणालात, "सर, साल में एक दिन मशीन को छुट्टी." तो क्षणभर विचार करून हसला, "ज़ैन. मशीन को भी इजाज़ा." तेव्हापासून क्लबच्या तक्त्यावर तो दिवस देखभालीचा म्हणून लागायचा. रजेचा अर्ज न करता रजा मिळालेल्या कुवेतमधल्या त्या पहिल्याच बंदुका असतील.

दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला मी झेंडूची फुलं घेऊन आले होते. रेवा शाळेचा प्रोजेक्ट सोडून आली होती. पूजा तिच्याकडून करवलीत. तिने मूठभर अक्षता अशा उधळल्या की त्या टेबलाखालीसुद्धा सापडल्या. तुम्ही कौतुकाने बघत होतात. दुसऱ्या दिवशी दसरा, तुम्ही सकाळी सगळं झटकून, पुसून, सायलेन्सर चढवून ठेवलेत. पहिली गोळी माझी होती, त्यानंतर रेवाची.

मी घोडा दाबला. नेहमीच्या आवाजात मिसळून एक बारीक, धातूचा 'टिंग' आला. लक्ष्यावर बघितलं तर भोक पार पांढऱ्यात, आणि तेही आडवं फाटलेलं. तुम्ही माझ्या पाठीशी दोन हातांवर उभे होतात. दुर्बिणीतून बघून म्हणालात, "बाई, आज लक्ष कुठंय? चालू द्या, दुसरी."

मी मागे वळले. "नाना, टिंग ऐकलं नाहीत?"

"कसलं टिंग?"

माझ्या कानांवर मफ होते आणि तुमचे कान उघडे होते, नाना. तरीही ऐकलं मी.

मी बोल्ट उघडून रायफल खाली ठेवली आणि तुमच्याकडे दिली. तुम्ही सायलेन्सर उतरवलात. नळीच्या आणि त्याच्या बैठकीच्या मधे कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा चिरडून बसला होता. तेवढ्याने सायलेन्सर केसभर तिरका चढला होता आणि गोळी पुढच्या झाकणाच्या कडेला चाटून गेली होती. झाकणाला चंद्रकोरीसारखी खोक. तुम्ही ती खोक अंगठ्याने चाचपत राहिलात. रेवा हातात मफ घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि "आज बंद" एवढंच म्हणून आत गेलात.

चूक अक्षतेची नव्हती, हे आपल्या दोघांनाही तिथेच कळलं. दाणा कुणाच्याही हातून राहील. पण तो टिंग तुम्हाला आला नाही, आणि तुमच्या कानाच्या भरवशावर त्या नेमबाजीच्या रांगेत पोरं बसत होती. कित्येक महिन्यांत तुमच्या कानाची आणि काट्याची पैज लागली नव्हती, हेही मला त्याच क्षणी आठवलं. "भरला" असं तुम्ही आधी म्हणणं केव्हाच थांबलं होतं. अलीकडे तुम्ही मला आधी वजन करू द्यायचात.

दुपारी मी फोन केला. तसा फोन मी कारखान्यातल्या माणसांना करते, अगदी त्याच आवाजात केला. म्हटलं, कान तपासून घ्या आणि कॅप्टनला सांगा. आठ दिवस देते. नाहीतर मी सांगेन.  तुम्ही म्हणालात, "बाई, तुमचा कान गेला तर तुम्हाला टेबलावरचं काम देतील. माझा गेला तर माझा इथं राहायचा इकामा जाईल. घरी जाऊन काय करू, रेडिओ मोठा लावून बसू?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "बघू."

आठ दिवस झाले, आणि मी कॅप्टनकडे गेले नाही.

हे मला तुम्हाला सांगायचं होतं, नाना. तुम्ही होतात तोवर सांगता आलं नाही. कारखान्यात बायकापोरांचे फोटो दाखवून रडणाऱ्या माणसांनासुद्धा मी पंपाजवळून हलवलेलं आहे. नियम म्हणजे नियम. आणि तुमच्या बाबतीत मी नवव्या दिवशी शर्कच्या मासळीबाजारात जाऊन तुमच्यासाठी पापलेट घेतलं आणि ते घेऊन तुमच्या खोलीवर आले. तुम्ही ते तळलंत. आपण जेवलो. विषय तुम्हीही काढला नाहीत.

पण तुम्ही बदललात. त्यानंतर एकही रायफल नळीतून सरळ सळई घालून सायलेन्सर सरळ बसलाय याची खात्री केल्याशिवाय रांगेत आली नाही. काटा टेबलाच्या मधोमध आला. खंडेनवमीला हळदकुंकू टेबलाच्या पायाला वाहिलं जाऊ लागलं, आणि अक्षता कुलूप लागल्यावर दाराबाहेर. सायलेन्सर असलेली रायफल रांगेत आली की रेवाला शेजारी उभी करून तुम्ही प्रत्येक पहिल्या गोळीनंतर विचारायला लागलात, "कसा आला?" ती सांगायची, "क्लीन, नाना." कधी म्हणायची, "हम्म, समथिंग ऑफ," आणि तुम्ही लगेच सगळं थांबवायचात. मला वाटलं, तुम्ही तिला तयार करताय. मी स्वतःला समजावलं की आता धोका नाही. मात्र आतून माझं मन मला खात होतं, की मी एक गोष्ट लपवली आहे, आणि ज्या दिवशी काही होईल त्या दिवशी ती माझी असेल.

काही झालं नाही. तुम्हीच गेलात. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून, चहा करून, खुर्चीत बसलात आणि उठलाच नाहीत. काकूंना फोन मी केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्यांना ऐकू येत होतं का शेवटी, कुणी हाक मारली असेल तर?" म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

आणि गेल्या गुरुवारी सामानाची पेटी बंद केल्यावर कॅप्टनने आपला खण उघडला, आणि ते चंद्रकोरीची खोक पडलेलं झाकण माझ्यापुढे ठेवलं.  वाटलं, आता विचारणार. तो म्हणाला, "मॅडम, ये नाना उसी दिन लाया. ज़ोहर से पहले. बोला, कॅप्टन, इसका आवाज़ मेरे को नहीं आया. मेरे को लाइन से हटाओ."

ज़ोहर म्हणजे दुपारची नमाज. मी फोन केला तो जेवणानंतर. म्हणजे मी तुम्हाला आठ दिवसांची मुदत देत होते तेव्हा तुम्ही सगळं सांगून मोकळे झाला होतात, आणि "इकामा जाईल" म्हणत मला फोनवर खेळवत होतात. कॅप्टनने तुम्हाला काढलं नाही. वर्कशॉप तुझं, म्हणाला, पण रांगेवर चांगल्या कानाचं माणूस शेजारी असल्याशिवाय उभं राहायचं नाही. "मैं पूछा, कान किसका? नाना बोला, लड़की का."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? कॅप्टन हसला. "बोला, मॅडम को मत बोलना. वो समझेगी उसके डर से बोला."

काय माणूस आहात हो तुम्ही! उघडत नाही अशी वस्तू घ्यायची नाही हा तुमचा नियम, आणि स्वतः मात्र दोन वर्षं मला झाकण फिरवू दिलं नाहीत. मी इतकी चिडले की कॅप्टनने पाण्याचा ग्लास पुढे केला. पुढचं त्याने सांगितलं ते त्याने सांगायला नको होतं. ते आठ दिवस तुम्ही रोज त्याला विचारायचात, "मॅडम आई क्या? कुछ बोला क्या?" आणि मी आले नाही. नवव्या दिवशी मी पापलेट घेऊन आले, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते मी त्याला सांगितलं.

मी आले नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं की बरं वाटलं, हे कॅप्टनला सांगता येईना. मला येतं. नियमाची पक्की बाई तुमच्यासाठी नियम मोडते, याचं तुम्हाला बरं वाटलं, आणि रेवाच्या जिवाशी गाठ असताना मोडते याचा तुम्ही मनातल्या मनात मला दोष दिलात. दोन्ही बरोबर होतं. तुम्ही एकदा तरी दोष तोंडावर दिला असता तर मी तो घेतला असता, नाना. आणि त्यानंतर पोटभर भांडले असते. तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. एवढं आपल्यात राहून गेलं, बाकी काही नाही. तुमचा हात पाठीवर असताना माझी मुलगी डोळे उघडे ठेवून नेम धरायला शिकली, आणि स्वतःला ऐकू आलं नाही हे कबूल करायला माणसाला किती ताकद लागते हे मी शिकले. माझ्या कारखान्यातल्या एकाही साहेबात ती नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगू शकते.

ते मफ मी काकूंच्या पेटीत घातले नाहीत. प्लास्टिक फाडलं आणि काल स्वतःच्या कानांवर चढवले. रेवाचा सराव होता. तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, म्हणून कॅप्टनने स्वतः रायफल काढून दिली, स्वतः सळई घालून बघितली. त्याने काट्यावर वजनही केलं, आणि तसं करताना त्याने माझ्याकडे बघितलं. रेवा रायफलमागे पालथी झोपली, श्वास सोडला, पहिली गोळी मारली. तिने बोल्ट उघडला, रायफल खाली ठेवली आणि थांबली. मी थांबले. कॅप्टनही थांबला. कुणी काही विचारलं नाही.

तिने मान वळवून तुमच्या उभं राहायच्या जागेकडे बघितलं आणि म्हणाली, "क्लीन, नाना."

मीही तो आवाज ऐकला होता. तिचं बरोबर होतं.